साडेआठ किलोंची रेघ

डिचोली तालुक्यातल्या एका काजू कारखान्यात मी पाच वर्षं काढली. २०१६ साली हिशेब लिहायला लागले आणि वर्षभरात 'एचआर' झाले. म्हणजे टेबल तेच, खुर्ची तीच, फक्त हजेरीपुस्तकही माझ्याकडे आलं. त्या सुमारास मी दूरशिक्षणाने एमबीए करत होते आणि ते मालकांच्या कानावर गेलं होतं. एक दिवस त्यांनी केबिनमध्ये बोलावलं. "पिलिंगच्या बायकांचं काम पुढे सरकत नाही. तू तेच शिकतेस ना? मग जरा मोटिवेट कर त्यांना." यंत्राला जरा ग्रीस लाव म्हणावं, त्या सुरात.

पिलिंगच्या, म्हणजे गराची साल सोलायच्या, खोलीत बावीस बायका बसायच्या. बहुतेक मये, मेणकुरे, साळ, नार्वे या बाजूच्या, दोघी-तिघी पार वाळपईकडून बस बदलून येणाऱ्या. काम किलोवर. जितका गर सोलाल तितके पैसे. मी वजनाची वही उघडली आणि तीन महिन्यांची पानं उलटली. ८.४, ८.५, ८.६, ८.५. नऊच्या वर कुणी नाही, आठच्या खालीही जवळजवळ कुणी नाही. पट्टी लावून रेघ मारावी तसे आकडे.

माणसांचे हात असे सारखे नसतात हे तेव्हाच डोक्यात यायला हवं होतं. बावीसजणींत एक विशीतली होती, एक साठीच्या पुढची. पण मी शिकलेली होते ना, मला त्या आकड्यांत आळस दिसला.

काजू खाणाऱ्यांतल्या फार थोड्यांना माहीत असतं की त्या गरामागे किती हात लागतात. वाळवलेली बी वाफेवर शिजवतात, थंड करतात, मग कटिंगच्या टेबलावर एक बाई पायाने दांडा दाबून टरफल फोडते आणि गर बाहेर काढते. त्या टरफलातला चीक कातडी जाळतो, म्हणून कटिंगवाल्यांची बोटं कायम काळी. गर निघाला की तो बोरम्यात, म्हणजे गरम हवेच्या भट्टीत, तासन्‌तास सुकवायचा. वरची तांबूस साल सुकून सुटी झाली की तो पिलिंगला येतो. मग छोटी सुरी आणि अंगठ्याचं नख. शेवटी ग्रेडिंग. डब्ल्यू ३२० म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० अख्खे गर बसतात तो माल, डब्ल्यू १८० म्हणजे १७० ते १८०. आकडा जितका लहान तितका गर मोठा आणि भाव चढा. सोलताना गर उभा फुटला की पाकळी, त्याहून बारीक झाला की तुकडा, आणि प्रत्येक पायरीला भाव खाली. कारखान्याचा सगळा नफा त्या सुरीच्या टोकावर असतो.

मी पहिल्यांदा काय केलं असेल? तोच त्रिकोण. मॅस्लो नावाच्या मानसशास्त्रज्ञाची गरजांची उतरंड रंगीत छापून टेबलामागे लावली. सगळ्यात खाली भूक-तहान, सगळ्यात वर आत्मसिद्धी. (मॅस्लोने १९४३ सालच्या आपल्या लेखात त्रिकोण काढलेलाच नाही, तो मागाहून दुसऱ्यांनी काढला, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.) त्या त्रिकोणावरून मी ठरवलं की या बायका खालच्या पायरीवर आहेत, म्हणजे यांना पैसा हवा. नऊ किलोंच्या वर जो माल सोलाल त्यावर किलोमागे चार रुपये जादा, अशी नोटीस लावली. ती मराठीत होती, मोठ्या अक्षरांत, आणि खाली माझी सही. त्या सहीचा मला फार अभिमान होता.

पहिल्या आठवड्यात वही हलली. ९.४, ९.८, एकीचे तर दहा पूर्ण. मी मालकांना आकडे दाखवले, त्यांनी चहा मागवला. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी ग्रेडिंगची बाई माझ्या टेबलापाशी आली आणि काही न बोलता दोन डबे ठेवून गेली. पाकळीचा डबा नेहमीच्या दीडपट भरला होता. घाईने सोललेला गर फुटत होता आणि जादा किलोंच्या नादात आम्ही त्या चार रुपयांच्या कितीतरी पट जास्त घालवत होतो. त्या दोन आठवड्यांच्या पानांवर आणखी एक गोष्ट होती, ती मला तेव्हा दिसलीच नाही. सगळ्यात म्हाताऱ्या मावशीच्या नावापुढे ६.१, ६.३, ५.९ असे आकडे होते. मी फक्त सरासरी पाहत होते.

तिसऱ्या आठवड्यात रेघ परत सरळ झाली. साडेआठ. कुणी काही सांगितलं नाही, भांडण नाही, निषेध नाही. चार रुपये तसेच पडून राहिले.

मग मी दुसरा पराक्रम केला. उशिरा येणाऱ्यांचे वीस रुपये कापायचे. त्याआधी सकाळी दहा-पंधरा मिनिटं उशीर झाला तर बाई दारातूनच ओशाळून हसायची, "बस चुकली गो," म्हणत घाईने बसायची. नोटीस लागल्यावर ते ओशाळणं गेलं. एकीने तर सरळ वीसची नोट माझ्या टेबलावर ठेवली. "घे गो बाय. उद्याचेही धर, चेडवाची शाळा आहे." इस्रायलमधल्या हायफा शहरातल्या दहा पाळणाघरांत हुबेहूब असंच घडलं होतं. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला तर उशीर वाढला, आणि दंड उठवल्यावरही तो पहिल्यासारखा कमी झाला नाही. २००० साली छापलेला तो अभ्यास माझ्या नोट्समध्ये होता. परीक्षेसाठी पाठही केला होता! माझा दंड मात्र कारखान्याच्या जुन्या अकाउंटंटनी थांबवला. तेव्हा लागू असलेल्या १९३६ च्या वेतन कायद्यात दंड कशासाठी घ्यायचा याची यादी आधी मंजूर करून घ्यावी लागते, आणि महिन्याच्या वेतनाच्या तीन टक्क्यांवर तो जाता कामा नये, हे त्यांनी मला चष्म्यावरून बघत सांगितलं. घेतलेल्या नोटा मी परत केल्या. उशीर होत राहिला.

मालकांनी पुन्हा बोलावण्याआधी मी स्वतःच केबिनमध्ये गेले आणि महिनाभर रोज दुपारी दोन तास पिलिंगला बसायची परवानगी मागितली. "तू सोलणार?" ते हसले. "बस. पण तुझ्या पाकळ्या तुझ्या पगारातून."

जून लागला होता. काजूचं काम करणाऱ्याला पावसाचा अर्थ वेगळा कळतो. हवेतली ओल गर पिऊन घेतो आणि सुटी झालेली साल पुन्हा चिकटते. पहिल्या दिवशी दोन तासांत मी नऊशे ग्रॅम सोलला, त्यातला निम्मा फुटलेला. तर्जनीचं टोक दुसऱ्या दिवशी सुजलं. माझ्या शेजारी ती म्हातारी मावशी बसायची. तिने माझा हात ओढून घेतला, अंगठा कुठे टेकवायचा ते दाखवलं आणि म्हणाली, "जोर करू नको. साल कुठून उठते ते बघ, तिथूनच घाल." तिची नजर अधू झाली होती, तरी ती बोटांनीच चाचपून साल शोधायची.

तीन-चार दिवस माझ्यासमोर कुणी बोललं नाही. मग रेडिओ परत लागला, मग शिगम्यातल्या भांडणाचा विषय निघाला, मग कुणाच्या सुनेचा. मी तिथे आहे हे विसरायला त्यांना आठवडा लागला आणि मी विचारायचं बंद केल्यावर मला ऐकू यायला लागलं.

पहिलं ऐकू आलं ते ट्रेबद्दल. वजन करताना ट्रेचे आठशे ग्रॅम वजा करायचे, असा नियम कधीतरी ठरला होता, पत्र्याचे ट्रे होते तेव्हा. मग प्लास्टिकचे आले. मी एका संध्याकाळी सगळ्या गेल्यावर रिकामा ट्रे काट्यावर ठेवला. ६५० ग्रॅम. दिवसातून तीनदा वजन, म्हणजे प्रत्येकीचा जवळजवळ अर्धा किलो रोज हवेत जात होता. आणि हे त्यांना ठाऊक होतं. सगळ्यांना. गावच्या भुसारी दुकानात त्यांनी तो ट्रे मोजून आणला होता. मी रागावून विचारलं, "मग सांगितलं का नाही?" त्यावर मेणकुऱ्याची एकजण म्हणाली, "सांगितलं होतं. तुझ्या आधीच्या सायबाला. तो म्हणाला, तुम्हाला आठ किलोंतले दीडशे ग्रॅम दिसतात?" काट्याचा आकडा दिसायचा तो फक्त वजन लिहिणाऱ्याला. काटाच तसा भिंतीकडे तोंड करून ठेवलेला.

दुसरं लॉटचं. बोरम्यातून वरच्या खणातला माल छान सुकून येतो, साल फुंकरीने उडावी तशी. खालच्या कोपऱ्यातला अर्धओला येतो, एकेका गराला झटावं लागतं. माल वाटायचा सुपरवायझर. त्याच्या गावच्या दोघींना वरचा खण मिळतो, अशी बोलवा होती. खरी होती की नाही मला शेवटपर्यंत सिद्ध करता आली नाही, पण ज्याला खालचा कोपरा मिळतो त्याला सिद्ध करायची गरज नसते. ॲडम्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात मांडलं होतं की माणूस आपला पगार नुसता मोजत नाही, शेजारच्याच्या कष्टाशी आणि पगाराशी ताडून बघतो. त्याने ते समीकरणात मांडलं. आमच्याकडे त्याला 'खणाचा माल' म्हणत.

आणि तिसरं रेघेचं. एके दिवशी माझ्यासमोर बसणारी, जिची बोटं डोळ्यांना दिसायची नाहीत इतकी जलद चालायची, ती तीन वाजताच सुरी खाली ठेवून पाणी प्यायला गेली. ट्रे बघितला तर तिचं काम होतच आलं होतं. मी हळूच म्हटलं, "मनावर घेतलंस तर अकरा करशील तू."

"केले होते," ती म्हणाली. "सहा-सात वर्षांमागे. मी एकटीच नाही, पाच-सहा जणी करत होतो. सायबाने महिन्याचा पगार बघितला आणि दर पाडला. एवढं मिळतं म्हणजे दर जास्त आहे, म्हणाला. अकरा करणाऱ्या राहिल्या बाजूला, ज्या आठ करायच्या त्यांच्या घरात कमी पैसे गेले. त्या रागाने आमच्याशी बोलत नव्हत्या महिनाभर."

त्या रात्री मी हॉथॉर्नचं प्रकरण परत काढलं. परीक्षेला ते एका ओळीत येतं: कामगारांकडे लक्ष दिलं की उत्पादन वाढतं. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या कारखान्यात १९२४ ते १९३२ प्रयोग चालले. दिवे वाढवले तरी काम वाढलं, कमी केले तरी फारसं घटलं नाही. मग १९२७ मध्ये टेलिफोनचे रिले नावाचे भाग जोडणाऱ्या मुलींची एक छोटी टोळी वेगळ्या खोलीत बसवली, विश्रांती दिली, वेळ बदलली, आणि काम चढत गेलं. पण त्याच गोष्टीच्या कडेला दोन बारीक गोष्टी असतात, त्या कुणी वर्गात सांगत नाही. एक म्हणजे त्या खोलीतल्या दोन मुली ऐकत नाहीत, बोलत बसतात म्हणून मध्येच बदलल्या गेल्या. दुसरी म्हणजे तिथे त्यांचा पगार शंभरेक माणसांच्या मोठ्या खात्याच्या कामावर नव्हे, त्या इवल्या टोळीच्या कामावर ठरायला लागला होता. नुसतं लक्ष दिल्याने बोटं जलद झाली, असं म्हणणाऱ्यांनी एकदा किलोवर काम करून बघावं.

त्याच कारखान्यात १९३१-३२ मध्ये चौदा पुरुषांची एक खोली पाहणीखाली होती, वायरिंगची. त्यांनी आपसांत ठरवून टाकलं होतं की दिवसाचं काम एवढंच. जो जास्त करेल त्याच्या दंडावर ठोसा. एकमेकांचं काम करून द्यायचे, आणि कागदावर रोजचा आकडा सरळ रेघेत ठेवायचे. कारण विचारल्यावर म्हणायचे, जास्त केलं तर दर पाडतील. डिचोली असो की शिकागो, वहीतली सरळ रेघ माणसं मुद्दाम मारतात, हे मला साहेबांच्या इंग्रजीतून वाचल्यावर पटलं. समोर बसलेल्या बाईने तेच कोंकणीत सांगितलं होतं, ते मी निम्मंच ऐकलं होतं.

निम्मंच, कारण एक गोष्ट मी रोज पाहत होते आणि मला ती गोंधळ वाटत होती. दुपारच्या वजनाआधी कुणीतरी उठायची, पाण्याला जाता जाता आपल्या ट्रेमधला ओंजळभर गर म्हाताऱ्या मावशीच्या ट्रेमध्ये टाकायची. कधी ही, कधी ती. मला वाटायचं, माल सरमिसळ होतोय, ग्रेडिंगला त्रास होईल. एकदा मी तोंड उघडणार होते. मावशीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, तेवढंच.

मालकांसमोर मी तीन गोष्टी नेल्या. ट्रेचं खरं वजन आणि काट्याचं तोंड बायकांकडे. बोरम्याच्या मालाचं वाटप सकाळी चिठ्ठ्या टाकून. आणि हंगामाच्या सुरुवातीला दर कागदावर लिहून, सही करून भिंतीला, पुढचा हंगाम येईपर्यंत कुणी कितीही सोललं तरी तो हलणार नाही. पहिल्या दोन त्यांनी चटकन मान्य केल्या. ट्रेच्या गोष्टीने तर ते खरंच वरमले, मागचं काही द्यायचं का म्हणून स्वतःच विचारलं आणि शेवटी प्रत्येकीला थोडी रक्कम दिली. तिसऱ्यावर अडले. "मीच माझे हात बांधून घेऊ?" मी म्हटलं, "सर, त्यांनी त्यांचे बांधून ठेवलेत, सहा वर्षं." दोन दिवसांनी सही मिळाली.

चौथी गोष्ट माझी नव्हती, बायकांची होती. बोनस. तेव्हाच्या १९६५ च्या कायद्याने किमान ८.३३ टक्के द्यायचा असे, हिशेबाचं वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांच्या आत. आमच्याकडे तो दिवाळीला द्यायची रीत होती, मालक मूळचे बाहेरचे. पण गोव्यात पैसा लागतो तो चवथीला. माटोळीचा, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांचा, बाजार, गणपतीची मूर्ती, माहेरवाशिणी, पाहुणे. दर चवथीआधी निम्म्या खोलीने उचल घेतलेली असायची आणि दिवाळीला हातात बोनस आला तरी तो उचलीत वळता झालेला. तारीख दोन-अडीच महिने अलीकडे आणली. कारखान्याला एक पैसाही जास्त पडला नाही. हर्झबर्ग नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली पिट्सबर्गकडच्या दोनशेएक इंजिनियर आणि अकाउंटंटांना विचारून मांडलं होतं की पगार, नियम, वरिष्ठांचं वागणं यांनी माणूस खूश होत नाही, ते वाईट असलं तर फक्त नाखूश होतो. असेल. त्या दोनशेंत काजू सोलणारी कुणी नव्हती. बोनसचं पाकीट घेताना मयेच्या बाईने ते कपाळाला लावलं आणि "देव बरें करूं" म्हणाली. मला तिला सांगता आलं नाही की ही फक्त तुझी नाखुशी कमी झालीय.

एवढं करून काय झालं? पाकळीचा डबा हलका झाला, हे खरं. उशिराचं फारसं बदललं नाही, कारण उशीर बसचा होता, आणि बस माझ्या हातात नव्हती. चिठ्ठ्यांवरून रोज सकाळी हशा व्हायचा. सुपरवायझर मात्र वर्षभर माझ्याशी धड बोलला नाही. आणि वही? साडेआठच्या जागी पावणेनऊ, कधी नऊ. रेघ थोडी वर सरकली, पण रेघच राहिली. मालक म्हणाले, "इतकं सगळं करून पाव किलो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढल्या वर्षी होळीनंतर म्हातारी मावशी यायची थांबली. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, मुलाने परत पाठवलं नाही. तिच्या जागेवर महिनाभर कुणी बसलं नाही, तिथे पाण्याची कळशी ठेवली गेली. मी नेहमीप्रमाणे संध्याकाळी वजनं उतरवत होते. ९.६. १०.१. ९.२. १०.४. समोरच्या जलद बोटांच्या बाईचे ११ ला थोडे कमी. आणि मधल्या दोघी-तिघींचे ८.५, कारण त्यांचे खरोखरच साडेआठ होते. मी मागची पानं उलटली. माझ्या चार रुपयांच्या नोटिशीचे ते दोन आठवडे सापडले. ६.१, ६.३, ५.९. तेव्हा ओंजळी थांबल्या होत्या. तिसऱ्या आठवड्यापासून परत सुरू.

मालकांनी आकडे बघून विचारलं, "या महिन्यात नवीन काय केलंस?"

"काही नाही," मी म्हटलं. ते माझा विनय समजले.

२०१९ मध्ये दाबाच्या हवेने साल उडवणारं मशीन आलं. आता बायका मशीनमधून राहिलेले डाग सोलतात, रोजावर. किलोची वही बंद झाली. मी कारखाना सोडला तेव्हा ती वही मागून घेतली; रद्दीतच जाणार होती. मावशीकडे मेणकुऱ्याला गेले तेव्हा तिला ती उघडून दाखवली. नव्या डोळ्यांनी तिने आपल्या नावापुढचे आकडे बोट फिरवत वाचले, आणि ६.१ वर बोट ठेवून म्हणाली, "हे माझे. बाकीचे त्यांचे."